ड्रेस्डेनला एक्स्चेंजवर आलेय, ओरिएंटेशन चालू आहे, आधी काय करू? (बडोदेकर, मदत करा)

कारेलीबागची_पोर | ७ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी बडोद्याची, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर ड्रेस्डेनला आलेय. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलवर पोचले, दुसऱ्या दिवशी ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी, सगळी दुकानं बंद, शनिवारी झोपेतून उठले तोपर्यंत दुपार, कसाबसा ब्रेड आणि दूध आणलं, आणि रविवारी परत सगळं बंद. आईनं बळेबळे भरलेले खाकरे आणि लीलो चिवडा होता म्हणून निभावलं.

सोमवारपासून ओरिएंटेशन चालू झालंय. भला मोठा हॉल, स्पेन, इटली, फ्रान्सची पोरं जणू लहानपणापासून एकमेकांना ओळखतात असा कल्ला, आणि समोर स्लाइडवर स्लाइड. रहिवासी नोंदणी, इन्शुरन्स, सेमिस्टर फी, बँक, लायब्ररी कार्ड, लर्निंग अॅग्रीमेंट (इथे कुठले विषय घेणार याचा दोन्ही कॉलेजांशी करार). सगळंच म्हणे "लगेच करा". कशाच्या आधी काय ते कोणी सांगत नाही. आणि संध्याकाळी रोज काहीतरी असतं, शहरात फिरून कोडी सोडवा, पबमध्ये या, इथून जवळच्याच सॅक्सन स्वित्झर्लंड नावाच्या डोंगरात ट्रेक. नाही गेलं तर मागे पडल्यासारखं वाटतं आणि गेलं तर तिथे कोपऱ्यात कोक घेऊन उभी.

दुसरं म्हणजे आमच्या मजल्यावर इंडियन पोरांचा ग्रुप जमलाय. गुजराती, तेलुगू, पंजाबी, सगळे आहेत, रोज एकत्र स्वयंपाक, रात्री गप्पा, येत्या शनिवारी कॉमन रूममध्ये गरबा पण ठेवलाय (नवरात्र कधीच संपली तरी). तिथे बरं वाटतं. पण मग मनात येतं की याच्यासाठी एवढे पैसे भरून आले का? आणि बाहेरच्यांत गेलं की वाटतं कधी एकदा खोलीवर जाते.

यंदा पहिल्यांदाच गरब्याचे नऊ दिवस पॅकिंगमध्ये गेले, तेही आत कुठेतरी आहेच. असो. कोणी गेलेलं असेल तर सांगा, आधी काय करू.

सूरसागर_कट्टा

आधी चिवडा संपवू नकोस. बाकी सगळं होतं.

हिवाळी_सत्र

अगं, मी याच चक्रातून गेलोय, शहर दुसरं होतं, कार्ल्सरूह, पण पद्धत तीच. आता मकरपुऱ्यात नोकरी करतो आणि दरवर्षी कोणी ना कोणी हेच विचारतं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

तुला गोंधळ होतोय कारण ते सगळं एकाच यादीत सांगतात, प्रत्यक्षात ती साखळी आहे. पहिली कडी काय तर दाराखालच्या पोस्टाच्या पेटीवर तुझं नाव. हसू नकोस. जर्मनीत पोस्टमन खोली नंबर बघत नाही, पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. आणि तिथे सगळं पत्रानं येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात वेगळ्या दिवशी, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं. आमच्या बॅचमधल्या एकाचं बँक कार्ड असंच परत गेलं आणि तो महिनाभर उधारीवर जगला. तेव्हा आजच कागदाच्या चिठ्ठीवर पासपोर्टवर आहे तसंच नाव लिही आणि सेलोटेपनं चिकटव. हॉस्टेलवाले छापील पट्टी देतील तेव्हा देतील.

मग आनमेल्डुंग, म्हणजे रहिवासी नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो, त्याचं जर्मन नाव इथे टाइप करायला बसलो तर माझा लंच टाइम संपेल. तुझ्या बाबतीत घरमालक म्हणजे हॉस्टेलचं ऑफिस, तेच देतात. नुसता भाडेकरार चालत नाही, तो वेगळा कागद. ब्युर्गरब्यूरोची, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयाची, अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. ऑक्टोबरात सगळी विद्यार्थ्यांची जत्रा असते तिथे, दोन आठवड्यांतली तारीख मिळाली नाही तर मिळेल ती घे आणि बुकिंगचा मेल जपून ठेव. सकाळी लवकर साइट उघडून बस, लोक रद्द करतात त्या जागा तेव्हा दिसतात.

नोंदणीचा कागद हातात आला की बँक. बँक खातं झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले) पैसे सुटायला लागतात. महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं भरले असतील ना, ते एकदम मिळत नाहीत, दर महिन्याचा हप्ता त्या चालू खात्यात पडतो. म्हणजे पहिले काही आठवडे घरून आणलेल्या पैशांवर काढायचे. फॉरेक्स कार्डात पैसे असतील तर जपून.

इन्शुरन्स झालाच असेल, त्याशिवाय विद्यापीठात नाव घालत नाहीत. विद्यार्थ्यांचा सरकारी हप्ता सध्या महिन्याला १४०–१५० युरोच्या घरात आहे. प्रवासाचा जो इन्शुरन्स व्हिसाला लावला होता तो वेगळा, त्याच्यावर सेमिस्टर काढता येत नाही.

आणि सेमिस्टर फीमध्ये बहुतेक ठिकाणी प्रवासाचा पास असतो, पण तो विद्यापीठात नाव लागल्यावर चालू होतो. तोपर्यंत ट्राममध्ये बिनतिकिटाचं बसू नकोस, साध्या कपड्यातले चेकर असतात, दंड ६० युरो, आणि "मी नवीन आहे" हे वाक्य त्यांनी सगळ्या भाषांत ऐकलेलं असतं.

मांजलपूरची_आई

छान लिहिलंत हिवाळी सत्र. माझा मुलगाही गेल्या महिन्यात गेला, नेदरलँड्सला, त्याला हे पाठवते. बाळ, तू जेवतेस ना नीट? तूप नेलं होतंस का?

कारेलीबागची_पोर

काकू, तूप बडोद्यालाच काढून ठेवायला लावलं मला. पेढे पण. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आमच्या ग्रुपवर कोणीतरी नियम टाकला होता. आजी तेव्हापासून जर्मनीवर रागावून आहे.

पेटीवर नाव चिकटवलं हं दादा. खाली गेले तर तिथे चार पेट्यांवर अशाच चिठ्ठ्या होत्या, सगळ्या आपल्या लोकांच्या, सगळ्यांच्या आडनावाचं स्पेलिंग हातानं खाडाखोड केलेलं.

सूरसागर_कट्टा

आजींना सांग, तिकडे बटर मिळतं सुपरमार्केटात, बिनमिठाचं, मंद आचेवर कढवायचं. अर्ध्या तासात तूप. बेरी पण निघते, साखर घालून खा. जर्मनी माफ.

वाडीवाला_म्युनिक

मी बरीच वर्षं इथे आहे, जरा वेगळं सांगतो, कोणाला राग येईल. तो मजल्यावरचा ग्रुप आहे ना, त्याच्यापासून चार हात लांब राहा. वाईट पोरं असतात म्हणून नाही, चांगलीच असतात, तीच अडचण आहे. सेमिस्टर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यात ख्रिसमसची सुट्टी जाते, परीक्षा जाते. उरतं काय? रोज संध्याकाळी सहा वाजता कोणाच्या तरी खोलीत कुकरची शिट्टी वाजायला लागली की तुम्ही बाहेर पडतच नाही. मी अशी कितीतरी मुलं बघितली जी सहा महिने राहून गेली आणि एकाही जर्मन माणसाच्या घरी चहाला गेली नाहीत. मग घरी जाऊन सांगतात की जर्मन लोक थंड असतात. अहो तुम्ही भेटलात कधी त्यांना?

रावपुरावाली

वाडीवाले दादा, तुमचं म्हणणं कळतं पण असं टोकाचं नका सांगू पोरीला. पहिल्या आठवड्यात माणसाला आपल्या भाषेत कोणीतरी लागतं, नाहीतर ती बिचारी आजारी पडेल. आणि आपण बडोद्याची माणसं, आपल्याला हे शिकवायला लागतं का? गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इकडे आले त्याला तीनशे वर्षं होत आली. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, ऑफिसात हिंदी-इंग्रजी. गणपतीही आपला आणि गरबाही आपला. शेजारच्या बेननं उंधियू पाठवलं की आपण पुरणपोळी पाठवतो. कोणी आपल्याला "एकच काय ते निवडा" असं सांगितलं नाही. तिनंही निवडू नये. आठवड्यातले काही दिवस मजल्यावर जेव, काही दिवस मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जाऊन परक्या टेबलावर बस.

वाडीवाला_म्युनिक

ताई, ते तीनशे वर्षांत झालं. हिच्याकडे पाच महिने आहेत.

रावपुरावाली

😄 हे मात्र खरं.

दांडियाबाजारकर

चर्चा वाचतो आहे. मी निवृत्त माणूस, परदेशी शिकायला गेलो नाही, पण बडोद्यातून गेलेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट इथे लिहावीशी वाटते.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ते जुलैत न्यूयॉर्कला उतरले. सुरुवातीला हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात जागा मिळाली, पण तिथलं जेवण मानवेना म्हणून मुक्काम हलवला. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले आणि तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी मैत्री जमली. ही मैत्री जन्मभर टिकली, अडचणीच्या काळात भथेनांनी पैशांचीही मदत केली. बाबासाहेबांसारख्या माणसालाही पहिले दिवस जेवणाचा आणि जागेचाच प्रश्न होता, आणि आधार मिळाला तो एका दोस्ताचा, तोही आपल्या जातीचा नाही, भाषेचा नाही, पण आपल्या देशाचा. तेव्हा ग्रुपात राहावं की बाहेर, याचं उत्तर मला तरी इतकं सरळ वाटत नाही.

यातला दुसरा भागही सांगायला हवा, आपण बडोदेकर तो सोयीनं वगळतो. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला कोणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन येऊन बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी काय विचार केला असेल! न्यूयॉर्कमध्ये वसतिगृह मिळालं आणि बडोद्यात नाही. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखतात. येत्या-जात्या मुलांनी जाण्याआधी एकदा तिथे जाऊन यावं असं मला वाटतं.

फतेगंज_कॅन्टीन

काका, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी पुढच्या वर्षी जाणार आहे, त्यासाठी आत्तापासून खोल्यांच्या ग्रुपवर आहे. तिथल्या आपल्याच लोकांच्या जाहिराती वाचा एकदा, "ओन्ली व्हेज, फॅमिली बॅकग्राउंड" वगैरे, आणि मेसेज केला की दुसरा प्रश्न आडनाव. ड्रेस्डेन काय आणि टोरंटो काय. ज्यांना वाटतं इंडियन ग्रुप म्हणजे सगळ्यांनाच आधार, त्यांनी हेही लक्षात घ्यावं की काहींना त्या ग्रुपमध्येच पहिल्यांदा परकं वाटतं.

हिवाळी_सत्र

खरंय. हॉस्टेल विद्यापीठाच्या वसतिगृह-संस्थेमार्फत घेतलं की ही भानगड येत नाही, तिथे यादीप्रमाणे खोली. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी नॉमिनेशनचा (एक्स्चेंजसाठी आपल्या कॉलेजनं नाव पाठवल्याचा) मेल आला की त्याच दिवशी हॉस्टेलचा अर्ज टाका.

ग्रुपच्या वादात माझं मत, मूळ प्रश्न विचारणारीला: आत्ता दोन्ही वाद बाजूला ठेव. ओरिएंटेशनचा आठवडा मैत्रीसाठी असतो हा गैरसमज आहे, ते फोटो तसे दिसतात म्हणून. तो आठवडा कागदांचा आहे. त्या पबमध्ये भेटलेली शंभर तोंडं पुढच्या महिन्यात तुला ओळखणारही नाहीत, तुला एकटीलाच असं वाटतंय असं काही नाही, सगळ्यांनाच वाटतं, स्पॅनिश पोरं फक्त मोठ्यानं बोलतात. माणसं मिळतात ती नोव्हेंबरात, लॅबच्या पार्टनरमध्ये, युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्सच्या क्लासमध्ये. हे स्पोर्ट्सचे क्लास अगदी स्वस्त असतात आणि त्यांचं बुकिंग याच दिवसांत उघडतं, मिनिटांत भरतं. बॅडमिंटन मिळणार नाही, विसर. नाच, चढाई, काहीही घे ज्यात दर आठवड्याला तीच माणसं भेटतील. पबपेक्षा त्याच्यासाठी अलार्म लाव.

आणि टँडेम. तू तिला गुजराती-हिंदी शिकव, ती तुला जर्मन. आमच्याकडे एक जण होता, त्याला हिंदी नको होती, त्याला मराठीच शिकायची होती कारण त्याची गर्लफ्रेंड पुण्याची. अजून मेल करतो मला, "आहे" आणि "असतो" यात फरक काय म्हणून.

कारेलीबागची_पोर | ९ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार, वाचताना हसले पण आणि थोडी रडले पण. ब्युर्गरब्यूरोची अपॉइंटमेंट मिळाली, सकाळी सात वाजता साइट उघडल्यावर एकदम एक जागा दिसली, सोमवारचीच.

काल मात्र गंमत झाली. किचनमध्ये एकानं मिरचीची फोडणी दिली, तेल जास्त तापलं होतं, खिडकी बंद, आणि अलार्म. आख्खी बिल्डिंग खाली, पायजम्यात, टॉवेलमध्ये, एक बाई हातात मांजर घेऊन. आमचा शेफ हातात झारा घेऊनच उतरला. हाउसमास्टर म्हणजे आपला वॉचमन-कम-मॅनेजर, तो आला, त्यानं वर जाऊन बघितलं, खाली येऊन अगदी शांतपणे विचारलं की हे कोणी केलं, आणि मग सगळ्यांसमोर दहा मिनिटं खिडकी कशी उघडायची ते शिकवलं. म्हणजे पूर्ण उघडायची, पाच-दहा मिनिटं, मग बंद, आणि तेवढ्या वेळ हीटर बंद. तिरकी करून दिवसभर ठेवायची नाही. भिंतीला बुरशी धरते म्हणे आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून. पण त्या गोंधळात शेजारच्या विंगमधल्या दोन जर्मन मुली ओळखीच्या झाल्या, त्यांना भाजी कसली होती ते विचारायचं होतं.

सूरसागर_कट्टा

बघ, पबमध्ये जे झालं नाही ते फोडणीनं केलं.

वाडीवाला_म्युनिक

हसण्यावारी नेऊ नका, फायर ब्रिगेड आली असती तर बिल येऊ शकतं. फोडणी देताना झाकण आणि खिडकी, दोन्ही. आणि अलार्मवर प्लॅस्टिक पिशवी बांधायची आयडिया कोणी सुचवली तर अजिबात ऐकू नका.

आणि त्या जर्मन मुलींना बोलवा जेवायला. वेळ द्या, सातचे सात वाजता येतील, तोवर भात शिजलेला असू द्या.

मांजलपूरची_आई

सातचे सात! आमच्याकडे सातला बोलावलं तर लोक नऊला येऊन विचारतात की अजून कोणी आलं नाही का.

एक विचारायचं होतं. माझा मुलगा फोनच घेत नाही. मी रात्री जेवण आटपून दहा-साडेदहाला लावते, तेव्हा तो म्हणतो लेक्चर, नाहीतर बसमध्ये. नंतर तो करतो तेव्हा आम्ही झोपलेलो. रागावलाय की काय असं वाटायला लागलंय.

हिवाळी_सत्र

काकू, रागावला नाहीये. तुमचे साडेदहा म्हणजे त्याचे संध्याकाळचे सात, आत्ता साडेतीन तासांचा फरक आहे. तेव्हाच दुकानं, स्वयंपाक, मित्र सगळं असतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग साडेचार तास. त्याला सांगा रविवारी त्याच्या सकाळी दहाला व्हिडिओ कॉल, म्हणजे तुमची दुपारची दीड-अडीचची वेळ, जेवणं झालेली असतात. रविवारी तिकडे दुकानं बंद, त्याला करण्यासारखं काही नसतं, पकडायला तोच दिवस. बाकीचे दिवस नुसता फोटो पाठवायचा, त्यानं ताटाचा, तुम्ही ताटाचा.

दांडियाबाजारकर

आमच्या वेळी पत्र यायला पंधरा दिवस लागायचे आणि कोणी रागावलं की नाही हे कळायलाही पंधरा दिवस.

फतेगंज_कॅन्टीन

ड्रेस्डेनसाठी अजून काही? मी पण तिथलाच विचार करतोय.

कारेलीबागची_पोर

आत्ता आठवडाच होतोय, पण जे दिसलं ते. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पहिली डबल तासिका सकाळी साडेसातला सुरू होते, ज्यांना वाटतं परदेशात दहाला उठून कॉलेज असतं त्यांनी विचार करा. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून ट्रामचा रूट पाठ करू नका, एल्ब नदीवरच्या कॅरोला पुलाचा ट्रामचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये कोसळला, तिथून जाणाऱ्या ट्राम आता दुसऱ्या पुलावरून जातात. रविवारी अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, महाग आहेत पण असतात. रिकाम्या बाटल्या टाकू नका, बहुतेक प्लॅस्टिक बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकलं की पावती मिळते, आमच्या मजल्यावरचा एक जण पार्टीनंतर गोण भरून घेऊन जातो आणि तिच्यातून तूर डाळ आणतो. काचेच्या साध्या बरण्या मात्र रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या, आणि त्या रविवारी टाकल्या तर कोणीतरी आजोबा खिडकीतून ओरडतात. ओरडले.

रावपुरावाली

लोक कसे वाटतात गं? पूर्व जर्मनीबद्दल बरंच ऐकतो आपण.

कारेलीबागची_पोर

ताई, खरं सांगायचं तर दोन्ही. ट्राममध्ये एक जण बराच वेळ टक लावून बघत होता, मी दुसऱ्या दाराशी जाऊन उभी राहिले. आणि त्याच दिवशी दुकानात मला जिरं सापडेना तर एक आजी हात धरून मसाल्याच्या रॅकपर्यंत घेऊन गेल्या, एक शब्द इंग्लिश येत नव्हतं त्यांना. रात्री एकटीनं फार उशिरा फिरत नाही, ते बडोद्यातही करत नव्हते. ओरिएंटेशनमध्ये ११२ आणि ११० हे नंबर पाठ करून घेतले आमच्याकडून, अॅम्ब्युलन्स-आग आणि पोलीस.

कारेलीबागची_पोर | १८ नोव्हेंबर

खूप दिवसांनी वर काढतेय धागा. आनमेल्डुंग झालं, बँक झाली, पैसे यायला लागले. दिवाळीला मजल्यावरच्या ग्रुपबरोबर शंकरपाळे केले आणि त्या दोन जर्मन मुली आल्या, सातचे सात वाजता. क्लाइंबिंगच्या क्लासला जातेय, हाताची सालं निघालीत. ग्रुपवाल्यांबरोबर आता आठवड्यातून दोनदा जेवते, उरलेले दिवस मेन्सा किंवा माझी खिचडी. कोणाला वाईट वाटलं नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, मला एक पत्र आलंय, महिन्याला १८.३६ युरो भरा, रेडिओ-टीव्हीसाठी. माझ्याकडे ना रेडिओ ना टीव्ही. फ्रॉड आहे का? दोन, चार वाजून गेले की अंधार पडायला लागतो आणि काही करावंसंच वाटत नाही, डिसेंबरात अजून वाढेल का हे?

वाडीवाला_म्युनिक

फ्रॉड नाही. रुंडफुंकबायट्राग. टीव्ही असो-नसो, घरटी भरायचा असतो. तुमच्या फ्लॅटचं दार एक आणि आत तीन-चार खोल्या असतील तर सगळ्यांत मिळून एकच, कोणी आधीच भरत असेल तर त्याचा नंबर कळवायचा. खोली थेट कॉमन पॅसेजमध्ये उघडत असेल तर वेगळा लागतो. दुर्लक्ष करू नका, दंडासकट परत येतं. आणि जाताना नाव काढण्याची नोंद करून त्याचीही वर्गणी बंद करायची, नाहीतर बडोद्याला गेल्यावरही मीटर चालू.

अंधार वाढेल. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य जातो तिकडे. दुपारी बारा ते दोनमध्ये बाहेर पडायचं, काही काम नसलं तरी, पाऊस असला तरी. ख्रिसमसचा बाजार सुरू होईल आता, तुमच्या शहरातला तर १४३४ पासूनचा आहे, तिथे जाऊन उभं राहिलं तरी बरं वाटतं.

मांजलपूरची_आई

माझा मुलगा पण हेच म्हणत होता अंधाराचं. रविवारचा फोन मात्र चुकवत नाही आता. 🙏

हिवाळी_सत्र

तू न विचारलेली तिसरी गोष्ट. परीक्षेची नोंदणी केलीस का? कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं तिकडे नसतं, परीक्षेसाठी वेगळं रजिस्टर करावं लागतं, त्याची मुदत असते, आणि मुदत गेली की प्रोफेसर कितीही चांगला असला तरी काही करू शकत नाही. आणि एखादा कोर्स बदलला असशील तर लर्निंग अॅग्रीमेंटवर इकडच्या कोऑर्डिनेटरची सही आत्ता घे, परत आल्यावर नाही. क्रेडिट अडकतात ते इथेच, एका सहीवर. मार्कांचं इकडच्या लोकांना समजावून सांग, तिकडे १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० म्हणजे काठावर पास, आपल्या एका क्लार्कनं आमच्या एका हुशार मुलाला १.३ बघून नापास धरलं होतं.

परतीचं तिकीट कधीचं आहे?

कारेलीबागची_पोर

१० फेब्रुवारी. बाबांनी स्वस्त मिळालं म्हणून आधीच काढलं होतं.

हिवाळी_सत्र

बदलता येतं का बघ. लेक्चर फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपतात, परीक्षा त्याच्यानंतर सुरू होतात, काही तर फेब्रुवारीच्या शेवटी असतात. तुझ्या विषयांच्या तारखा विभागाच्या पानावर बघ, मग बाबांशी बोल.

कारेलीबागची_पोर

एक १९ तारखेला आहे, एक २४ ला. बाबांना रविवारी सांगते.

सूरसागर_कट्टा

रविवारी नको, आजच सांग. तिकीट बदलायचे पैसे रोज वाढतात. आणि तोपर्यंत चिवडा कोणाबरोबर पाठवू ते कळव, जानेवारीत आमच्या पोळातला (गल्लीतला) एक जण बर्लिनला चाललाय.